स्वातंत्र्यमात्रा ७.६३ आली म्हणून घाबरू नका: असमान प्रचरणांच्या टी-चाचणीसाठी नवशिक्यांचे मार्गदर्शन

दोन गटांच्या सरासरींची तुलना करताना संगणकाने पहिल्यांदा माझ्यासमोर स्वातंत्र्यमात्रा ७.६३ असे उत्तर ठेवले, तेव्हा फाइलमधला एखादा रकाना चुकीचा वाचला गेला असावा अशीच माझी समजूत झाली. दोन्ही गटांत मिळून २८ विद्यार्थी होते, पाठ्यपुस्तकात एकूण संख्येतून २ वजा करा असे स्पष्ट लिहिलेले होते आणि त्यामुळे मला २६ हा पूर्णांक अपेक्षित होता. मी टीचे मूल्य संगणकाचे ठेवले, स्वातंत्र्यमात्रा मात्र स्वतःच्या हाताने २६ लिहिली, तक्ता उघडून फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा न वाटणारा, असल्याचा निष्कर्ष काढला आणि अहवाल पाठवून दिला. तपासणाऱ्या परीक्षकांनी समासात एवढेच लिहिले होते की, टी एका चाचणीचा आणि स्वातंत्र्यमात्रा दुसऱ्या चाचणीची, असे का? त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे बरेच दिवस गेले. ज्यांना हाच आकडा पहिल्यांदा दिसतो आहे त्यांचे ते दिवस वाचावेत म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधी शब्दांविषयी थोडेसे. डिग्रीज ऑफ फ्रीडम या संज्ञेसाठी मराठीत एकाहून अधिक प्रतिशब्द वापरात आहेत; या लेखात सर्वत्र स्वातंत्र्यमात्रा हाच शब्द वापरला आहे. व्हेरियन्ससाठी प्रचरण, स्टँडर्ड डेव्हिएशनसाठी प्रमाण विचलन आणि स्टँडर्ड एररसाठी प्रमाण त्रुटी असे शब्द घेतले आहेत. प्रमाण विचलनाचा वर्ग म्हणजे प्रचरण, एवढे पक्के लक्षात असले तरी पुढचे बरेच घोटाळे टळतात.

हाताशी काय असावे

• प्रत्येक गटातील मूळ नोंदी. त्या उपलब्ध नसल्यास प्रत्येक गटाची संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन, असे एकूण सहा आकडे.
• प्रमाण विचलन काढताना भागाकार संख्येने केला आहे की संख्येतून १ वजा करून, याची खात्रीशीर माहिती.
• नोंदी कशा गोळा केल्या याचे टिपण, म्हणजे दोन्ही गट खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत की नाहीत हे ठरवता येईल.
• एखादे सांख्यिकी सॉफ्टवेअर किंवा स्प्रेडशीट, आणि पडताळणीसाठी टी-वितरणाचा छापील तक्ता.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. माझ्याच अहवालातील आकडे थोडे सुटसुटीत करून घेतले आहेत. नव्या पद्धतीने शिकलेले ८ विद्यार्थी, त्यांच्या गुणांची सरासरी ७४, प्रमाण विचलन १२. जुन्या पद्धतीने शिकलेले २० विद्यार्थी, सरासरी ६५, प्रमाण विचलन ४. सरासरींमधील फरक ९ गुणांचा आहे.

१. हीच चाचणी लागू पडते का, ते आधी ठरवा

एकाच व्यक्तीचे आधीचे आणि नंतरचे माप असेल, किंवा दोन्ही गटांतील नोंदींच्या नैसर्गिक जोड्या लागत असतील, तर तुमचे काम जोडीच्या टी-चाचणीचे आहे. तेथे प्रत्येक जोडीतला फरक हीच एक नोंद होते आणि स्वातंत्र्यमात्रा जोड्यांच्या संख्येपेक्षा १ ने कमी असते. असमान प्रचरणाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. दोन्ही गटांतील माणसे वेगळी असतील आणि एकाच्या मापाचा दुसऱ्याच्या मापाशी संबंध नसेल, तरच पुढे वाचा.

२. अडचण नेमकी कोठे आहे ते समजून घ्या

एका गटात ८ नोंदी असतील आणि त्यांची सरासरी ठरलेली असेल, तर ७ नोंदी मनाप्रमाणे बदलता येतात, आठवी मात्र आपोआप ठरते. म्हणून त्या गटाच्या प्रचरणाची स्वातंत्र्यमात्रा ७ असते, हे स्पष्टीकरण बहुतेकांनी ऐकलेले असते आणि ते बरोबरही आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाही. तो असा की, नमुन्यावरून काढलेले प्रचरण हा स्वतःच एक अंदाज आहे, आणि त्या अंदाजावर किती भरवसा ठेवता येतो ते स्वातंत्र्यमात्रा सांगते. ती लहान असेल तर अंदाज डळमळीत असतो, आणि त्याची भरपाई म्हणून टी-वितरणाची टोके जाड होतात.

विल्यम सीली गॉसेट यांनी गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करत असताना १९०८ मध्ये स्टुडंट या टोपणनावाने हा मुद्दा मांडला, तो एकाच नमुन्याच्या संदर्भात. दोन गटांसाठी तीच कल्पना वापरताना दोन्ही समष्टींचे, म्हणजे नमुने ज्यांतून घेतले त्या संपूर्ण समूहांचे, प्रचरण एकच आहे असे गृहीत धरले, तर दोन्ही गटांतील माहिती एकत्र करून त्या एकाच प्रचरणाचा अंदाज बांधता येतो. पहिल्या गटाच्या ७ आणि दुसऱ्याच्या १९ अशा मिळून २६ स्वातंत्र्यमात्रा होतात आणि सर्व काही पूर्णांकात, काटेकोरपणे जुळते.

प्रचरणे वेगळी असतील तर हा हिशोब मोडतो. आता दोन वेगळ्या राशींचे दोन वेगळे अंदाज आहेत, त्यांचा भरवसा वेगवेगळा आहे आणि त्यांची बेरीज केली की मिळणारी राशी कोणत्याही एका नेमक्या टी-वितरणात बसत नाही. १९२९ मध्ये बेहरेन्स यांनी आणि १९३५ मध्ये फिशर यांनी हा प्रश्न हाताळला, म्हणून तो बेहरेन्स-फिशर समस्या या नावाने ओळखला जातो. आपण रोज वापरतो तो मार्ग बर्नार्ड वेल्च यांच्या १९३८ आणि १९४७ मधील लेखनातून, तसेच सॅटरथ्वेट यांच्या १९४० च्या दशकातील कामातून आला आहे. हा मार्ग नेमका नव्हे, तर निकटनाचा आहे, म्हणजे खऱ्या वितरणाच्या पुरेसे जवळ जाणारे टी-वितरण निवडण्याचा. दशांशातली स्वातंत्र्यमात्रा ही त्या निवडीची खूण असते.

३. प्रत्येक गटाचा त्रुटीतील वाटा काढा

येथून प्रत्यक्ष आकडेमोड सुरू होते. प्रत्येक गटासाठी प्रचरणाला त्या गटाच्या संख्येने भागा. पहिल्या गटाच्या उत्तराला क आणि दुसऱ्याच्या उत्तराला ख म्हणू.

क = १४४ ÷ ८ = १८
ख = १६ ÷ २० = ०.८

या दोहोंची बेरीज १८.८ आहे आणि तिचे वर्गमूळ ४.३४ ही सरासरींमधील फरकाची प्रमाण त्रुटी आहे. टी काढण्यासाठी ९ ला ४.३४ ने भागायचे. मधले आकडे न गोलावता केल्यास उत्तर २.०८ येते.

येथे जरा थांबून त्या दोन आकड्यांकडे पाहा. एकूण १८.८ पैकी १८ हा वाटा एकट्या लहान गटाचा आहे, म्हणजे जवळपास ९६ टक्के. दुसऱ्या गटात २० विद्यार्थी असले तरी आपल्या अनिश्चिततेत त्यांचा वाटा नगण्य आहे, कारण त्यांची सरासरी आपल्याला आधीच पुरेशा अचूकतेने कळलेली आहे. आपले सगळे अज्ञान त्या ८ जणांच्या गटात साठलेले आहे. मग प्रमाण त्रुटीचा अंदाज किती भरवशाचा? त्या ८ जणांच्या प्रचरणाचा अंदाज जितका भरवशाचा असेल, साधारण तितकाच. म्हणजे उत्तर ७ च्या आसपास यायला हवे, हे सूत्र न वापरताही सांगता येते.

४. स्वातंत्र्यमात्रेचे सूत्र वापरा

न१ आणि न२ या दोन गटांच्या संख्या मानल्या, तर सूत्र असे आहे:

स्वातंत्र्यमात्रा = (क + ख) चा वर्ग ÷ [ क चा वर्ग ÷ (न१ − १) + ख चा वर्ग ÷ (न२ − १) ]

आपल्या उदाहरणात वरचा भाग १८.८ चा वर्ग, म्हणजे ३५३.४४ आहे. खालच्या भागात ३२४ ÷ ७ = ४६.२८५७ आणि ०.६४ ÷ १९ = ०.०३३७ यांची बेरीज, म्हणजे ४६.३१९४ आहे. भागाकार ७.६३ येतो.

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कोठून आले हे एकदा पाहून ठेवलेले बरे, कारण मग ते विसरले तरी पुन्हा मांडता येते. समष्टी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाची, असेल तर नमुन्याच्या प्रचरणाचे वितरण काय-वर्ग नावाच्या वितरणाशी निगडित असते, आणि अशा अंदाजाचा स्वतःचा विखुरलेपणा त्याच्या अपेक्षित मूल्याच्या वर्गाच्या दुपटीला स्वातंत्र्यमात्रेने भागल्यावर मिळतो. म्हणजे क या अंदाजाचे प्रचरण साधारणपणे २ × (क चा वर्ग) ÷ (न१ − १), आणि ख चे त्याच धर्तीवर. दोन्ही गट स्वतंत्र असल्यामुळे या दोहोंची बेरीज हे (क + ख) या राशीचे प्रचरण झाले. आता अशी कल्पना करा की (क + ख) हा जणू एकाच गटातून आलेला अंदाज आहे आणि त्याची स्वातंत्र्यमात्रा आपल्याला माहीत नाही. तसे असते तर त्याचे प्रचरण २ × (क + ख) चा वर्ग ÷ स्वातंत्र्यमात्रा इतके असते. दोन्ही राशी समान मांडा, दोन्हीकडचा २ काढून टाका, आणि वरचे सूत्र समोर येते. संपूर्ण युक्ती इतकीच आहे. खरी प्रचरणे माहीत नसल्यामुळे आपण त्यांच्या जागी नमुन्यातील प्रचरणे घालतो, म्हणूनच उत्तर नमुन्यागणिक बदलते आणि क्वचितच पूर्णांक येते.

मला स्वतःला याच सूत्राचे दुसरे रूप अधिक आवडते. पहिल्या गटाचा त्रुटीतील वाटा ०.९५७ आणि दुसऱ्याचा ०.०४३ आहे. प्रत्येक वाट्याचा वर्ग करून त्याला त्या त्या गटाच्या स्वातंत्र्यमात्रेने भागा आणि बेरीज करा. जे उत्तर येईल त्याचा व्यस्त म्हणजे हवी असलेली स्वातंत्र्यमात्रा. या रूपात कोणता गट उत्तराला आपल्याकडे ओढतो आहे ते उघड दिसते.

५. आलेले उत्तर मर्यादेत आहे का ते तपासा

वेल्च पद्धतीची स्वातंत्र्यमात्रा (न१ − १) आणि (न२ − १) यांतील लहान आकड्यापेक्षा कमी असू शकत नाही आणि न१ + न२ − २ पेक्षा जास्त असू शकत नाही. आपल्या उदाहरणात ती ७ ते २६ यांच्या दरम्यान असलीच पाहिजे. या मर्यादेबाहेरचा आकडा आला तर आकडेमोड चुकली आहे, याबद्दल शंका नको.

मर्यादेत बसलेले प्रत्येक उत्तर मात्र बरोबर असतेच असे नाही. प्रचरणाऐवजी प्रमाण विचलनच सूत्रात घातले, म्हणजे १४४ च्या जागी १२ आणि १६ च्या जागी ४, तर उत्तर ८.९३ येते. वरच्या भागात आधी बेरीज करून मग वर्ग करण्याऐवजी आधी वर्ग करून मग बेरीज केली, तर ७.०१ येते. दोन्ही उत्तरे मर्यादेत आहेत आणि दोन्ही चूक आहेत. स्प्रेडशीटमध्ये सूत्र स्वतः लिहिणाऱ्यांनी कंसांची जागा दोनदा पाहावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असे उदाहरण घालून पाहणे. दोन्ही गटांत १० नोंदी, प्रचरणे ९० आणि १० असे आकडे घ्या. क ९ आणि ख १ येतो, आणि सूत्राने १०.९८ दिले पाहिजे. तेथे दोन्ही प्रचरणे समान केली की उत्तर बरोबर १८ व्हायला हवे.

या छोट्या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोन्ही गटांची संख्या समान असते तेव्हा एकत्रित प्रचरणाच्या पद्धतीने आणि वेल्चच्या पद्धतीने येणारी प्रमाण त्रुटी तंतोतंत सारखी असते, म्हणून टीसुद्धा सारखाच येतो. फरक पडतो तो केवळ स्वातंत्र्यमात्रेत, म्हणजे १८ की १०.९८ यात. गटांची संख्या समान ठेवणे शक्य असेल तर ती ठेवावी हा सल्ला यामुळेच दिला जातो.

६. टी आणि स्वातंत्र्यमात्रा एकाच चाचणीची ठेवा

माझी चूक येथे झाली होती, म्हणून ही पायरी जरा सविस्तर सांगतो. वरील उदाहरणावर तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मिळणारी उत्तरे पाहा.

प्रचरणे समान मानली तर एकत्रित प्रचरण ५०.४६ येते, प्रमाण त्रुटी २.९७, टी ३.०३, स्वातंत्र्यमात्रा २६ आणि पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) सुमारे ०.००५. फरक ठळकपणे सार्थक दिसतो.

वेल्च पद्धतीने टी २.०८, स्वातंत्र्यमात्रा ७.६३ आणि पी-मूल्य सुमारे ०.०७३. पाच टक्के पातळीवर फरक सार्थक ठरत नाही.

मी केले ते तिसरे. टी वेल्चचा, २.०८, आणि स्वातंत्र्यमात्रा दुसऱ्या चाचणीची, २६. तक्त्यात २६ समोर पाच टक्के पातळीचे २.०५६ हे सीमामूल्य आहे, माझा टी त्याहून थोडासा मोठा, पी-मूल्य ०.०५ च्या किंचित खाली. हा आकडा कोणत्याही चाचणीचा नाही. दोन्ही अर्धे भाग स्वतंत्रपणे बरोबर होते, पण ते जोडून जे तयार झाले त्याला काहीच अर्थ नव्हता.

पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरात एवढी तफावत का, हेही पाहण्यासारखे आहे. एकत्रित प्रचरण काढताना २० जणांच्या गटाला १९ आणि ८ जणांच्या गटाला ७ एवढे वजन मिळते. त्यामुळे शांत, एकजिनसी असलेला मोठा गट सरासरी प्रचरण खाली ओढतो, आणि ते कमी झालेले प्रचरण मग लहान, विखुरलेल्या गटालाही लावले जाते. प्रमाण त्रुटी खोटेपणाने लहान होते. लहान गटाचे प्रचरण मोठे असेल तेव्हा समान प्रचरणाची चाचणी नसलेले फरक वाजवीपेक्षा अधिक वेळा दाखवते, ते याच कारणाने.

उलट परिस्थितीही पाहू. सरासरींमधील फरक ९ च ठेवला आणि १२ प्रमाण विचलन २० जणांच्या गटाला, ४ प्रमाण विचलन ८ जणांच्या गटाला दिले, तर वेल्चची स्वातंत्र्यमात्रा २५.६५ आणि टी २.९७ येतो. एकत्रित पद्धतीत मात्र टी २.०६ वर घसरतो आणि निष्कर्ष अगदी सीमारेषेवर अडकतो. म्हणजे मोठ्या गटाचे प्रचरण मोठे असेल तेव्हा तीच चाचणी असलेला फरक झाकून टाकते. वेल्च चाचणी नेहमी अधिक कडक असते हा समज दूर करण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे आहे.

७. सॉफ्टवेअरला नेमके काय सांगायचे

प्रत्येक सॉफ्टवेअरचे मूळ गृहीत वेगळे असते आणि ते माहीत नसेल तर एकाच माहितीवर दोन मित्रांची दोन उत्तरे येतात.

आर या भाषेतील टी-चाचणीची आज्ञा काहीही न सांगता वेल्च चाचणी करते. समान प्रचरणाची चाचणी हवी असेल तर ती मुद्दाम मागावी लागते. पायथनमधील सायपाय या संचात नेमके उलटे आहे. तेथे समान प्रचरण हेच मूळ गृहीत आहे आणि वेल्चसाठी तो पर्याय फॉल्स करावा लागतो. एसपीएसएस दोन्ही चाचण्यांची उत्तरे एकाखाली एक अशा दोन ओळींत देते. आपल्याला प्रचरण समान न मानणारी, म्हणजे दुसरी ओळ पाहायची आहे. वरच्या ओळीतला टी आणि खालच्या ओळीतली स्वातंत्र्यमात्रा उचलणारे लोक मी पाहिले आहेत, आणि माझा पूर्वेतिहास लक्षात घेता त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही.

स्टाटामध्ये आणखी एक बारकावा आहे. असमान प्रचरणाचा पर्याय निवडल्यावर ते सॅटरथ्वेट यांचे, म्हणजे वर दिलेले सूत्र वापरते. वेल्च हा शब्द जोडून आज्ञा दिली तर ते वेल्च यांचे दुसरे सूत्र वापरते, ज्यात खालच्या भागात न१ − १ ऐवजी न१ + १ आणि न२ − १ ऐवजी न२ + १ असते आणि शेवटी एकूण उत्तरातून २ वजा केले जातात. आपल्या उदाहरणात त्याने ७.८१ येते. बहुतेक ठिकाणी वेल्च चाचणी म्हणून जी ओळखली जाते तिच्यात पहिलेच सूत्र असते, त्यामुळे नावावरून गोंधळ होणे साहजिक आहे.

एक्सेलमध्ये दोन वाटा आहेत आणि त्या नेहमी एकाच ठिकाणी पोहोचत नाहीत. टी.टेस्ट या सूत्रात तिसरा प्रकार निवडला तर स्वातंत्र्यमात्रा दशांशासह वापरली जाते. डेटा अ‍ॅनालिसिस या साधनातील असमान प्रचरणाची चाचणी मात्र ती जवळच्या पूर्णांकावर नेते, म्हणजे ७.६३ चे ८ करते. सीमामूल्य काढणारे टी.इन्व्ह.२टी हे सूत्र दशांश भाग सरळ छाटून टाकते, म्हणजे ७.६३ चे ७. एकाच कागदावर तीन ठिकाणी तीन वेगळ्या स्वातंत्र्यमात्रा काम करत असतील, तर तिसऱ्या दशांशस्थळावर आकडे जुळत नाहीत म्हणून डोके धरून बसू नका.

पायथनमध्ये प्रमाण विचलन आधी वेगळे काढून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. नमपाय हा संच काही न सांगता पूर्ण संख्येने भागतो, तर पांडास संख्येतून १ वजा करून भागतो. टी-चाचणीसाठी दुसरा भागाकार लागतो. लहान गटात या फरकाचा परिणाम दुर्लक्ष करण्याजोगा नसतो.

८. तक्ता वापरत असाल तर दशांश खाली उतरवा

छापील तक्त्यात ७.६३ ची ओळ नसते. अशा वेळी ८ ऐवजी ७ ची ओळ घ्यावी. पाच टक्के पातळीला दोन्ही बाजूंच्या चाचणीसाठी ७ समोर २.३६५ आणि ८ समोर २.३०६ आहे, ७ घेतल्याने आपण किंचित सावध बाजूला राहतो. दशांशासह नेमके मूल्य साधारण २.३३ आहे. हाताने काम करण्याच्या काळात सूत्रही टाळून थेट लहान गटाच्या संख्येतून १ वजा करण्याची पद्धत अनेक पुस्तकांनी सुचवली आहे. ती सुरक्षित आहे, पण दोन्ही गटांचा वाटा सारखा असेल तेथे ती विनाकारण कठोर ठरते, आणि संगणक समोर असताना तिची गरज नाही.

फरकाचा विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असावा असा अंदाज आहे तो पट्टा, काढतानाही हीच स्वातंत्र्यमात्रा वापरायची असते. ९ मध्ये २.३३ गुणिले ४.३४ मिळवून आणि वजा करून उणे १.१ ते १९.१ असा ९५ टक्के अंतराल मिळतो. चाचणी वेल्चची आणि अंतराल २६ स्वातंत्र्यमात्रांचा, असे कृपया करू नका.

९. प्रचरणांची आधी चाचणी घेऊन मग चाचणी निवडू नका

आधी लेव्हीन चाचणी करा, प्रचरणे वेगळी आढळली तर वेल्च, नाहीतर साधी टी-चाचणी, ही दोन टप्प्यांची रीत अजूनही बऱ्याच ठिकाणी शिकवली जाते. ती मला पटत नाही, आणि कारण साधे आहे. गट लहान असतात तेव्हा प्रचरणांतील मोठा फरकसुद्धा लेव्हीन चाचणीच्या नजरेतून सुटतो, म्हणजे वेल्चची सर्वात जास्त गरज असते नेमके तेव्हाच ती आपल्याला चुकीच्या दारात नेऊन सोडते. शिवाय आकडे पाहून चाचणी निवडली की अंतिम पी-मूल्याचा जाहीर केलेला अर्थ तसाच राहत नाही. दोन स्वतंत्र गटांच्या सरासरींसाठी वेल्च चाचणी वापरायची हे आकडे हाती येण्यापूर्वीच ठरवून टाकावे, असे माझे मत आहे.

यासाठी थोडी किंमत मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. समजा दोन्ही गटांचे प्रचरण समान, २५, आहे, पण एका गटात ५ आणि दुसऱ्यात २५ नोंदी आहेत. क ५ आणि ख १ येतो, आणि स्वातंत्र्यमात्रा ३६ ÷ ६.२९, म्हणजे ५.७२ एवढी खाली येते. समान प्रचरणाच्या चाचणीत ती २८ असती. येथे प्रचरणे सारखी असूनही स्वातंत्र्यमात्रा कोसळली, कारण वेल्च पद्धत लहान गटाच्या प्रचरणाचा अंदाज मोठ्या गटाकडून उसना घेत नाही. स्वातंत्र्यमात्रा कमी आली म्हणजे प्रचरणे वेगळी आहेत, असा उलटा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे आहे.

आणि वेल्च चाचणी असमान प्रचरणांवरचा उपाय आहे, बाकी कशावरचा नाही. लहान गटात एखादी नोंद इतरांपासून फार दूर पडली असेल, किंवा वितरण एका बाजूला फार झुकलेले असेल, तर दशांशातली स्वातंत्र्यमात्रा ते दुरुस्त करत नाही. आपल्या उदाहरणात १२ हे प्रमाण विचलन आठही जणांच्या विखुरलेपणातून आले आहे की एकाच विद्यार्थ्यामुळे, हे मूळ नोंदींचा आलेख काढल्याशिवाय कळणार नाही. ते आधी पाहा.

१०. अहवालात कसे लिहावे

कोणती चाचणी केली ते नावाने लिहा, दोन्ही गटांची संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, आणि स्वातंत्र्यमात्रा दोन दशांशस्थळांपर्यंत ठेवा. ती पूर्णांकावर आणण्याचा मोह टाळा, कारण दशांश पाहूनच जाणकार वाचकाला वेल्च चाचणी वापरल्याचे कळते, आणि सहा आकडे दिलेले असतील तर तो ती स्वतः पडताळूनही पाहू शकतो. माझ्या अहवालातील दुरुस्त केलेले वाक्य अखेर असे झाले:

नव्या पद्धतीच्या गटाची सरासरी (संख्या ८, सरासरी ७४, प्रमाण विचलन १२) जुन्या पद्धतीच्या गटापेक्षा (संख्या २०, सरासरी ६५, प्रमाण विचलन ४) ९ गुणांनी अधिक होती, वेल्च टी-चाचणीनुसार हा फरक पाच टक्के पातळीवर सार्थक आढळला नाही, टी (७.६३) = २.०८, पी = ०.०७३, फरकाचा ९५ टक्के विश्वास अंतराल उणे १.१ ते १९.१.

या वाक्यानंतर मी आणखी एक वाक्य जोडले होते: प्रमाण त्रुटीच्या वर्गातील जवळपास ९६ टक्के वाटा नव्या पद्धतीच्या गटाचा असल्यामुळे, पुढील फेरीत विद्यार्थी वाढवायचे झाल्यास ते त्याच गटात वाढवावेत. परीक्षकांनी यावेळी समासात काहीही लिहिले नाही.